प्रश्न विचारणारा माणूस व्यासपीठावर हवा

ललितेतर पुस्तकाच्या प्रकाशन समारंभात सगळ्यात आधी कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना. कार्यक्रमपत्रिकेत ती शेवटी छापलेली असतात. प्रास्ताविक लांबतं, पाहुण्यांचा परिचय लांबतो, अध्यक्ष लेखकाशी असलेल्या जुन्या स्नेहाबद्दल बोलतात. मग सूत्रसंचालक जाहीर करतात की वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत, लेखक सह्या करायला थांबणार आहेत, तिथे त्यांना भेटा. सह्यांच्या रांगेत मागे माणसं ताटकळत उभी असताना कोण लेखकाला विचारणार की चौथ्या प्रकरणातले आकडे कुठून घेतले?

कादंबरीच्या किंवा कवितासंग्रहाच्या बाबतीत असा कौतुकाचा समारंभ चालून जाईल. कादंबरी खरी आहे का, असं कोणी विचारत नाही. ती जमली आहे का, एवढंच विचारतात. इतिहास, चरित्र, विज्ञान, आरोग्य, अर्थकारण यांवरचं पुस्तक मात्र वाचकाला सांगतं की हे असं घडलं, याची कारणं ही आहेत, आणि म्हणून तुम्ही अमुक समजा किंवा अमुक करा. वाचक त्याच्यावर विसंबून औषध सुरू करतो किंवा सोडतो, पैसे गुंतवतो, एखाद्या समाजाबद्दल मत बनवतो. वाचकाकडून एवढा विश्वास मागणारं पुस्तक त्याच्या हातात देताना, ते पारखून पाहणारा एकही माणूस व्यासपीठावर नसावा, ही माझ्या मते मोठी उणीव आहे. ललितेतर पुस्तकाचा प्रचार म्हणजे त्याची जाहीर तपासणी असली पाहिजे. पुस्तकात दम असेल तर अशा तपासणीइतका चांगला प्रचार दुसरा नाही, असं मी अनेक वर्षं अशा पुस्तकांच्या संपादनात घालवल्यावर ठामपणे म्हणतो.

प्रचारालाच नाक मुरडणारा एक वर्ग आहे. चांगलं पुस्तक आपली वाट आपण शोधतं, लेखकानं लिहावं आणि गप्प बसावं, असं त्यांना वाटतं. मला हे पटत नाही. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचं नदीप्रवासावरचं पहिलं पुस्तक १८४९ साली निघालं. एक हजार प्रती छापल्या होत्या. चार वर्षांनी प्रकाशकानं न खपलेल्या ७०६ प्रती लेखकाच्या घरी परत पाठवल्या, आणि थोरो यांनी त्या स्वतः पाठीवर वाहून वर नेल्या. आपल्या संग्रहात आता जवळपास नऊशे ग्रंथ आहेत आणि त्यातले सातशेहून अधिक आपणच लिहिलेले आहेत, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. पुढे त्यांची कीर्ती जगभर झाली, पण ती त्यांना पाहायला मिळाली नाही. ज्या पुस्तकात कामाची माहिती आहे ते वेळेवर माणसांपर्यंत पोचलं नाही, तर लेखकापेक्षा ज्यांना त्या माहितीची गरज होती त्यांचं नुकसान जास्त होतं. त्यामुळे लेखकानं पुस्तकासाठी फिरणं, बोलणं, मुलाखती देणं यात कमीपणा कसला? ते कामच आहे. ते कसं करायचं, एवढाच प्रश्न उरतो.

गडबड सुरू होते ती जाहिरातीच्या मजकुरापासून. समजा, पुस्तकात एक वाक्य आहे: ‘उपलब्ध नोंदींवरून असं दिसतं की या साथीत दगावलेल्यांमध्ये स्थलांतरित मजुरांचं प्रमाण बहुधा अधिक होतं, मात्र निम्म्या नोंदी नष्ट झाल्यानं ठाम निष्कर्ष काढता येत नाही.’ लेखकानं हे वाक्य जपून लिहिलेलं असतं. मलपृष्ठाचा मजकूर लिहिताना त्यातला ‘बहुधा’ जातो. निमंत्रणपत्रिकेवर नष्ट झालेल्या नोंदी जातात. समाजमाध्यमांवरच्या पोस्टरवर येतं ते असं: ‘मजुरांच्या मृत्यूंचं दडपलेलं सत्य, पहिल्यांदाच!’ कोणी दडपलं, हे पुस्तकात कुठेच नाही. पहिल्यांदाच हेही खरं नाही, कारण संदर्भसूचीतच आधीच्या दोन अभ्यासांची नावं आहेत. पुस्तक न वाचलेले हजारो लोक हे पोस्टर वाचतात आणि पुस्तकाचं म्हणणं तेच आहे असं धरून चालतात. मग एखादा जाणकार आक्षेप घेतो तेव्हा लेखक म्हणतो, पुस्तकात मी तसं लिहिलेलं नाही. खरं आहे, पण पोस्टर त्यानंच सगळ्यांना पाठवलं होतं. माझ्या लेखी मलपृष्ठ, पोस्टर आणि मुलाखतीतलं पहिलं वाक्य हा पुस्तकाचाच भाग आहे. जी काटेकोर नजर पान ११७ ला लागते तीच तिथेही लागली पाहिजे, आणि हा मजकूर लेखकाच्या लेखी संमतीशिवाय बाहेर जाऊ नये.

हे सगळं बोजड वाटेल, असा मजकूर कोण वाचेल, असं विक्री विभागातले लोक म्हणतात. त्यांना मी ‘सायलेंट स्प्रिंग’ची हकिगत नीट पाहायला सांगेन.

डीडीटी आणि तिच्यासारख्या कीटकनाशकांच्या बेसुमार फवारणीवरचं जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सन यांचं हे पुस्तक अमेरिकेत २७ सप्टेंबर १९६२ रोजी प्रकाशित झालं. त्याआधीच कार्सन यांनी एकेक प्रकरण त्या त्या विषयातल्या शास्त्रज्ञांना दाखवून तपासून घेतलं होतं. मे महिन्यात व्हाइट हाउसच्या पुढाकारानं निसर्गसंवर्धनावर परिषद भरली, तिथे प्रकाशकानं प्रतिनिधींच्या हातात पुस्तकाची प्रुफं ठेवली. जूनमध्ये ‘द न्यू यॉर्कर’नं पुस्तकाचा संक्षेप तीन अंकांत छापला आणि वादाला तोंड फुटलं. ऑगस्टच्या अखेरीस अध्यक्ष केनेडी यांना पत्रकार परिषदेत कीटकनाशकांबद्दल प्रश्न आला, तेव्हा उत्तर देताना त्यांनी मिस कार्सन यांच्या पुस्तकाचा उल्लेख केला. पुस्तक अजून दुकानात यायचं होतं. याच काळात वेल्सिकॉल या रसायन कंपनीनं प्रकाशकाला कायदेशीर कारवाईचा इशारा देणारं पत्र पाठवलं. प्रकाशक डगमगला नाही. डगमगण्याचं कारण नव्हतं, पुस्तकाच्या शेवटी संदर्भांचीच ५५ पानं होती.

पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. ३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस वाहिनीनं या पुस्तकावर तासाभराचा कार्यक्रम केला. त्यात एकट्या कार्सन नव्हत्या. रसायन उद्योगाचे प्रवक्ते रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स पांढरा कोट घालून आले होते, सरकारी अधिकारीही होते. कार्यक्रमाच्या पाच प्रायोजकांपैकी तिघांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. कार्सन शांतपणे, मोजून मापून बोलल्या. कीटकनाशकं अजिबात वापरूच नयेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचे परिणाम न तपासता ती सर्वत्र फवारली जात आहेत, यावर त्यांचा आक्षेप होता. पुस्तकातली मर्यादा त्यांनी कॅमेऱ्यासमोरही ओलांडली नाही. त्या वेळी त्या कर्करोगाने जर्जर झाल्या होत्या आणि ही गोष्ट त्यांनी लोकांना कळू दिली नव्हती. पुढच्याच महिन्यात अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला आणि त्यानं त्यांच्या म्हणण्याला बहुतांशी दुजोरा दिला. एप्रिल १९६४ मध्ये त्या गेल्या. अमेरिकेनं डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली ती १९७२ साली.

आधी जाणकारांची तपासणी, मग धोरण ठरवणाऱ्यांच्या हाती प्रुफं, मग सर्वसामान्य वाचकासाठी मासिकातून संक्षेप, आणि पुस्तक आल्यावर विरोधकांसोबत एकाच कार्यक्रमात हजेरी. हा क्रम कोणत्याही लहान-मोठ्या पुस्तकाला लागू करता येतो. प्रत्येक लेखकासाठी ‘द न्यू यॉर्कर’ नसतं हे उघड आहे, पण विषयाचे पाच जाणकार प्रत्येकाला शोधता येतात.

ही तपासणी टाळली तर ती नको तिथे होते. अमेरिकी लेखिका नेओमी वुल्फ यांच्या ‘आउटरेजेस’ या पुस्तकाचं २०१९ साली तेच झालं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये समलिंगी पुरुषांचा झालेला छळ हा त्याचा विषय. मे महिन्यात बीबीसी रेडिओवर मॅथ्यू स्वीट यांनी त्यांची मुलाखत घेतली. न्यायालयाच्या नोंदींत काही खटल्यांपुढे ‘डेथ रेकॉर्डेड’ (मृत्युदंडाची नोंद केली) असा शेरा आहे आणि त्यावरून त्या माणसांना फाशी दिली गेली असं पुस्तकात म्हटलं होतं. स्वीट यांनी मुलाखतीतच दाखवून दिलं की हा शेरा फाशी टाळण्यासाठी होता. १८२३ पासून न्यायाधीशांना फाशीची शिक्षा प्रत्यक्ष न सुनावता केवळ तिची नोंद करण्याची मुभा होती. स्वीट यांनी जुनी वृत्तपत्रं आणि तुरुंगाच्या नोंदी चाळून ठेवल्या होत्या. अमेरिकेतल्या प्रकाशकानं आधी प्रकाशन लांबणीवर टाकलं, मग रद्दच केलं. या पुस्तकाचा पाया ऑक्सफर्डमधला डॉक्टरेटचा प्रबंध होता, म्हणजे परीक्षकांच्या नजरेतूनही हे सुटलं होतं. मला यात लेखिकेची नाचक्की महत्त्वाची वाटत नाही. मुलाखतकारानं जे केलं ते प्रकाशनाच्या सहा महिने आधी एखाद्या कायद्याच्या इतिहासकाराकडून करून घेता आलं असतं, तर तो भाग दुरुस्त होऊन पुस्तकातलं जे योग्य होतं ते तरी लोकांपर्यंत नीट गेलं असतं.

याच्या उलट उदाहरण फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी यांचं. त्यांच्या विषमतेवरच्या जाडजूड ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर २०१४ साली आलं आणि मे महिन्यात ‘फायनान्शियल टाइम्स’नं त्यातल्या आकडेवारीवर चुकांचे आरोप केले. हे आरोप करता आले, कारण पिकेटी यांनी आपली आकडेवारी सगळ्यांसाठी आधीच इंटरनेटवर खुली ठेवली होती. काही दिवसांतच त्यांनी मुद्देसूद लेखी उत्तर दिलं. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना मान्य आहेत असं नाही, आजही अर्थतज्ज्ञ त्यांवर भांडतात. पण ते भांडण पुस्तकाच्या मजकुराबद्दल आहे, आणि ललितेतर पुस्तकाला यापेक्षा चांगलं काय मिळणार?

आता, प्रकाशनाआधी तपासणीला वेळच का उरत नाही? माझ्या मते याचं मूळ तारखेत आहे. बहुतेक वेळा आधी प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळते, सभागृह ठरतं, आणि मग पुस्तकाला त्या तारखेकडे पळवलं जातं. शेवटचं प्रूफ रात्री जागून वाचलं जातं. पानांचे क्रमांक पक्के झाल्याशिवाय नामसूची आणि विषयसूची करता येत नाही, आणि क्रमांक पक्के होईपर्यंत छपाईचा दिवस उजाडलेला असतो. म्हणून सूची गळते. सूची नसलेला चारशे पानांचा इतिहासग्रंथ अभ्यासकाच्या अर्धाच उपयोगाचा असतो. विक्रीच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. जाणता वाचक पुस्तक हातात घेतो आणि आधी शेवटची पानं उघडतो. त्याला आपल्या माहितीचं एखादं नाव, एखादं गाव, एखादा कायदा शोधायचा असतो. तिथे काही सापडलं नाही की तो पुस्तक परत ठेवतो. परीक्षणं लिहिणाऱ्यांना अभिप्रायार्थ प्रत मिळते ती समारंभानंतर, तीही ‘लवकर काहीतरी लिहा’ या आग्रहासह. आठवड्याभरात लिहिलेल्या परीक्षणात अनुक्रमणिकेचा सारांश आणि मुखपृष्ठाची स्तुती यापलीकडे काय येणार?

उपाय साधा आहे: तारीख पुस्तक ठरवेल. मजकूर अंतिम झाल्यावर तीन महिने मध्ये ठेवा. त्या काळात सूची होईल, प्रुफांच्या प्रती जाणकारांकडे आणि परीक्षकांकडे जातील, आणि त्यांतल्या निदान दोन प्रती लेखकाशी मतभेद असणाऱ्यांकडे जातील.

हा शेवटचा मुद्दा लेखकांना सगळ्यात जड जातो, म्हणून चार्ल्स डार्विन यांचा दाखला देतो. त्यांचं उत्क्रांतीवरचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी आलं. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती होत्या आणि मागणी त्याहून अधिक आली. या मागणीचं वर्णन अनेकदा वाचकांची झुंबड असं केलं जातं, पण ती पुस्तकविक्रेत्यांनी प्रकाशकाकडे नोंदवलेली मागणी होती. डार्विन स्वभावानं भिडस्त, तब्येतीनं नाजूक. प्रकाशनाच्या वेळी ते जलोपचार घेत दूर राहिले होते, आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डला त्यांच्या सिद्धांतावरून गाजलेला वाद झाला तेव्हाही हजर नव्हते. पण प्रती कोणाला पाठवायच्या यात त्यांनी कसूर केली नाही. जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांच्यासारख्या मित्रांना पाठवल्या, तशा विरोध करणार हे ठाऊक असलेल्यांनाही पाठवल्या, प्रत्येकाला नम्र पत्र लिहून. त्यांचे जुने शिक्षक ॲडम सेजविक यांनी उत्तरात कळवलं की पुस्तक वाचताना आनंदापेक्षा दुःख जास्त झालं. डिसेंबरच्या अखेरीस ‘द टाइम्स’मध्ये निनावी अनुकूल परीक्षण आलं, ते हक्स्ली यांनी लिहिलं होतं. व्यासपीठावर एकदाही न चढता केलेला हा प्रचार होता. बोलायला संकोचणाऱ्या लेखकांना यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की समारंभ हा आनंदाचा दिवस असतो, लेखकानं कित्येक वर्षं घासलेली असतात, त्या दिवशी वाद कशाला? आनंद जरूर साजरा करावा, आप्तमित्रांसोबत करावा. पण ‘सर्वांना सस्नेह निमंत्रण’ छापलं की येणारा प्रत्येक जण वाचक म्हणून येतो, आणि वाचकाला विचारण्याचा हक्क आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही विषय असे असतात की खुल्या प्रश्नोत्तरांत गोंधळ घालायला, धमकावायला माणसं येतात. ही भीती खरी आहे आणि लेखकाच्या सुरक्षिततेशी तडजोड करू नये. पण त्यावर इलाज म्हणून प्रश्नच बंद केले तर गोंधळ घालणाऱ्यांनी काही न करताच बाजी मारली असं होतं. अशा वेळी लेखी प्रश्न घ्यावेत, कार्यक्रम छोटा करावा, आणि मुख्य म्हणजे व्यासपीठावर लेखकाच्या शेजारी एक अभ्यासू, सभ्य, पण मतभेद असलेला माणूस बसवावा. त्यानं पुस्तक खुणा करून वाचलेलं असावं. त्याला तास दिला तरी चालेल, बाकीची भाषणं पाच मिनिटांत आटपावीत.

पैशानं उभा केलेला गाजावाजा हा याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा प्रकार. १९९५ साली ‘बिझनेसवीक’नं छापलं की व्यवस्थापनावरच्या एका पुस्तकाच्या प्रती लेखकांशी संबंधित लोकांनीच वेगवेगळ्या दुकानांतून मोठ्या संख्येनं विकत घेतल्या आणि पुस्तक खपाच्या यादीत वर गेलं, लेखकांनी आरोप नाकारले. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या यादीत घाऊक मागणीची नोंद आलेल्या पुस्तकापुढे खूण केली जाते. २०१० मध्ये एका नामवंत ब्रिटिश इतिहासकारानं कबूल केलं की पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या पुस्तकाची स्तुती आणि इतर अभ्यासकांच्या पुस्तकांची निंदा करणारे निनावी अभिप्राय त्यानंच लिहिले होते. इतिहासकाराचं सगळं काम साक्षीपुराव्याच्या विश्वासार्हतेवर उभं असतं. त्यानं बनावट साक्ष उभी केली तर त्याच्या पुस्तकातल्या तळटीपांवर वाचकानं का भरवसा ठेवावा? मित्रमंडळींना आग्रहानं लिहायला लावलेले पंचतारांकित अभिप्राय मी याच रांगेत धरतो, मग ते कितीही सर्रास होत असोत.

शिवाय खप आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ साली गणितज्ञ जॉर्डन एलेनबर्ग यांनी किंडल या ई-पुस्तक वाचण्याच्या उपकरणावर वाचकांनी अधोरेखित केलेली वाक्यं पुस्तकात कुठवर पसरली आहेत हे पाहून एक गमतीचा निर्देशांक काढला. पिकेटी यांच्या ग्रंथाचा आकडा आला २.४ टक्के, म्हणजे खुणा अगदी सुरुवातीच्या पानांतच थांबल्या होत्या. ही पद्धत शास्त्रीय नाही असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, तरी इशारा दुर्लक्षण्यासारखा नाही. म्हणूनच प्रचाराचा सगळा जोर पहिल्या आठवड्यात संपवणं मला चुकीचं वाटतं. प्रकाशनानंतर तीन-चार महिन्यांनी, लोकांनी पुस्तक वाचल्यावर, दुसरी बैठक घ्यावी. तिला पाहुणे नकोत, हार नकोत. एका प्रकरणावर, ते वाचून आलेल्या वीस माणसांनी लेखकाशी दोन तास बोलावं. ग्रंथालयात, महाविद्यालयात, विषयाशी संबंधित संघटनेच्या कचेरीत, कुठेही. याचा खर्च सभागृहाच्या भाड्याहून कमीच येतो, त्यामुळे लहान प्रकाशकाला हे परवडणार नाही हे म्हणणं मला पटत नाही.

या बैठकीतून जे निघेल ते पुढच्या आवृत्तीत गेलं पाहिजे. डार्विन यांनी १८५९ ते १८७२ या काळात आपल्या ग्रंथाच्या सहा आवृत्त्या केल्या, दरवेळी मजकूर बदलला, आणि सहाव्या आवृत्तीत आक्षेपांना उत्तर देणारं एक नवं प्रकरणच घातलं. दुसऱ्या आवृत्तीच्या मनोगतात वाचकांचे आभार मानताना लेखकांनी एवढं तरी करावं: कोणत्या पानावर काय बदललं, कोणी दाखवून दिल्यामुळे बदललं, आणि कोणता आक्षेप का मान्य केला नाही, हे दोन पानांत लिहावं. पहिली आवृत्ती विकत घेतलेल्यांसाठी ती पानं प्रकाशकानं आपल्या संकेतस्थळावर ठेवावीत, आणि पहिलं परीक्षण लिहिणाऱ्यांकडे नव्या प्रतीसोबत पाठवावीत.